कादंबरीतली सुरत

श्रोतेहो, आपल्या नवागाम-डिंडोलीकडची मुलं ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतात, याचा मला आनंदच आहे. तक्रार आहे ती लिहिणाऱ्यांबद्दल. मध्ययुगातली कुठलीही लढाई हाती लागली, की केलं तिचं धर्मयुद्ध!

आपली सुरतच घ्या. जानेवारी १६६४. मुघल सरदार शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात ठाण मांडून बसलेला. मुलूख उजाड, खजिना रिता, आणि फौज तर पोसायची. म्हणून शिवाजी महाराज मुघलांच्या या श्रीमंत बंदरावर आले. इथला मुघल अधिकारी इनायतखान चौक बाजारच्या किल्ल्यात दडून बसला. लुटलं कुणाला? व्यापारी हाजी सैद बेगला, तसंच व्यापारी विरजी व्होरालाही. एक मुसलमान, दुसरा जैन. सोडलं कुणाला? फादर अँब्रोज या पाद्र्याला, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाच्या घराला, का तर माणूस दानधर्म करणारा होता. फ्रेंच प्रवासी बर्निये हे लिहून गेलाय. आता यात धर्मयुद्ध बसवायचं कुठे?

धर्म नव्हताच, असं मी म्हणत नाही, बरं का. भरितात मिरची लागतेच. पण वांगं नीट भाजायचं, ठेचायचं, कांद्याची पात घालायची, शेंगदाणे घालायचे. एवढं करायचा कंटाळा आला, की माणूस मूठभर मिरच्या जास्त टाकतो. खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, अन् त्याला वाटतं, काय झणझणीत झालंय! वांग्याची चव गेली ती गेलीच. कादंबरीतलं वांगं म्हणजे महसूल, पगार, रसद, जकात. ते भाजायला कष्ट पडतात.

हे फक्त आपल्याकडेच नाही. जेरुसलेमसाठी निघालेल्या ख्रिस्ती क्रूसेडरांनी १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटलं. शहर ख्रिस्तीच! व्हेनिसच्या जहाजांचे पैसे थकले होते, तिथून वाट वाकडी झाली.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: धर्म होता, पण एकटा नव्हता. मुलांनो, कादंबरीत तलवार उपसली गेली, की आधी विचारा, या शिपायाचा पगार कोण देतंय?

सुरतेवरची १६७० ची दुसरी स्वारी तर राहिलीच. परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीला मुघल सरदार दाऊदखानाशी गाठ पडली. त्याच्या फौजेत कोण कोण होतं हे पाहिलंत, तर... पण समोरून खूण होतेय, वेळ संपली. ते तुम्हीच शोधून वाचा.