आधी विचारा, मग आखा



गावासाठी एखादी योजना आखायची आहे?
मग आधी गावाला विचारा.

गडचिरोलीचंच उदाहरण घ्या.
डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं आदिवासींना विचारलं, दवाखाना कसा हवा?
लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती.
आजाऱ्याजवळ घरच्यांना राहायचं होतं.
म्हणून दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला.
नाव ठेवलं देवीचं, माँ दंतेश्वरी.

याच जिल्ह्यातल्या दोन गावांत बायकांच्या आरोग्याची पाहणी झाली.
१९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.
दर १० जणींपैकी ९ जणींना स्त्रीरोग होते.
त्याआधी तपासणी मात्र फारच थोड्या जणींची झाली होती.
विचारलं, म्हणून हे दुखणं उजेडात आलं.

आता, विचारायचं कसं?

“शौचालय वापरता ना?” असं विचारलं, की उत्तर ‘हो’ असंच येणार.
त्याऐवजी विचारा, “काल घरातलं कोण कोण शौचाला बाहेर गेलं?”
खरं चित्र लगेच कळतं.

बायकांशी बाईनंच बोलावं.
पाहणीत नुसती रस्त्यालगतची घरं घेऊ नयेत.
टोकाची वस्तीही घ्यावी.

म्हणून पुन्हा सांगते, आधी विचारा, मग आखा.

आणि श्रोतेहो, तुमच्या दारी पाहणीसाठी कुणी आलं, तर मोकळेपणानं बोला.
खरं तेच सांगा.
त्या माहितीचं पुढे काय झालं, हे ग्रामसभेत जरूर विचारा.