रस्ता आणि घर



पुढाऱ्यांची व संतांची चरित्रे आपण आवडीने ऐकतो. सरकारी रस्ते-इंजिनिअरचे चरित्र व्याख्यानाला घेतले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या रस्त्याने आपण रोज जातो, त्याच्यामागेही कोणाचे तरी आयुष्य खर्ची पडलेले असते.

टॉमस मॅक्डोनाल्ड हे अमेरिकेतील आयोवा राज्यात वाढले. पाऊस झाला की तेथील गाड्या चिखलात रुतत आणि शेतकऱ्याचा माल घरीच राही. 1904 साली पदवी घेऊन ते राज्याच्या रस्ते-कामात शिरले. 1919 मध्ये मध्यवर्ती रस्ते-खात्याचे प्रमुख झाले. ते 1953 पर्यंत त्या जागी होते. तेवढ्या काळात सात राष्ट्राध्यक्ष झाले!

1916 पासून मिळणारी मध्यवर्ती मदत ठिकठिकाणच्या तुकड्यांत विखुरली जाई. 1921 च्या कायद्याने ती प्रत्येक राज्याच्या निवडक 7 टक्के रस्त्यांपुरती राखली, आणि सलग जाळे विणले जाऊ लागले.

आम्हांस मात्र त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. शहरातून महामार्ग नेताना ज्यांची घरे जातील, त्यांची आधी सोय करा, असे त्यांनी बजावले होते. 1956 च्या कायद्याने महामार्गांना अमाप पैसा मिळाला. तो इशारा मात्र मागे पडला. अनेक शहरांत गरिबांच्या, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या, वस्त्या उठल्या.

आपल्या गावात रस्तारुंदीचा नकाशा लागेल तेव्हा रुंदी किती, हे आपण विचारूच. घर गेलेला माणूस कोठे राहणार, हेही विचारू या.