घराभोवतीचे पक्षी



पक्षी पाहावयाचे तर अभयारण्यच गाठले पाहिजे, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः १९३० साली सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याचा जो नावाजलेला अभ्यास केला, तो रायगड जिल्ह्यातील किहीम येथे, राहत्या घरानजीक. नर घरटे अर्धेच विणतो, मादीने पसंत केले तरच पुरे करतो आणि ती अंडी उबवू लागताच दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी दाखविले. किल्लारीच्या शिवारातही विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर पावसाळ्यात हाच संसार मांडलेला दिसावा.

चिमणीची गोष्ट मात्र निराळी. तिला माणसाचे घर लागते. किल्लारीची जुनी घरे दगडमातीची, जाड भिंतींची, वर माळवद. भिंतीतील फटी, तुळयांच्या खोबणी ही तिची हक्काची जागा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात याच जड भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे भूकंपाला तोंड देतील अशी झाली, हे योग्यच झाले. पण सपाट सिमेंटच्या भिंतीत चिमणीला शिरावयास फट उरत नाही. माणसाच्या सुरक्षिततेची किंमत तिने मोजावी असे मात्र नाही. सव्वा इंच भोकाची लाकडी पेटी, आठ-दहा फूट उंचीवर, उन्हापासून व मांजरापासून दूर टांगली तर तिचे काम भागते. पिलांना मात्र अळ्या व किडे लागतात, म्हणून परसात थोडी देशी झुडपे हवीत.

पक्ष्यांच्या वागण्यावरून भूकंप आधी कळतो, असे पुष्कळदा बोलले जाते. तसा भरवशाचा पुरावा नाही. ऋतू मात्र त्यांच्यावरून ओळखता येतो. मृगाच्या सुमारास आफ्रिकेकडून चातक येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. श्रावण-भाद्रपदापासून भोरड्यांचे थवे उतरू लागतात व उन्हाळ्याच्या तोंडी मध्य आशियाकडे परततात. ज्वारीच्या कणसांवर त्या तुटून पडतात, म्हणून शेतकरी माळ्यावरून गोफण चालवीत आला. त्या टोळ व नाकतोडेही फस्त करतात, हे सहसा सांगितले जात नाही. लातूर जिल्ह्यात सोयाबीन वाढून ज्वारीचे क्षेत्र घटले आहे, तेव्हा थवे कोठे व कधी उतरतात, हे टिपून ठेवणे अगत्याचे झाले आहे.

त्यासाठी दुर्बिणीवाचून अडत नाही. शाळेत एक वही असावी. तीत तारीख, जागा, पक्षी आणि तो काय करीत होता, एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसल्यास रंग व चोच लिहावी. राज्यात २०२० पासून मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. वहीचे पहिले पान त्या आठवड्यात भरता येईल; त्या सुमारास भोरड्या आलेल्या असतात आणि पाणवठ्याच्या काठी शेपटी हलविणारे धोबीही.