शाळेचे नाव आणि हाताचे शिक्षण



सातारा जिल्ह्यात कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमापाशी उंब्रज हे गाव वसलेले आहे. श्रीसमर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, आणि पुण्याहून कराडकडे जाणारा हमरस्ताही याच गावावरून जातो. या टापूतील, विशेषतः पाटणखोऱ्यातील, तरुणांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरली. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत, तर कोणी बाजारपेठेत पाठीवर ओझी वाहिली. ज्या शहराने त्यांना मजुरी दिली त्याच शहरात, माटुंग्याला, ‘डॉन बॉस्को’ या नावाचे एक कॅथॉलिक विद्यालय आहे. नाव परके, इमारत मोठी; तेव्हा या घाटावरच्या मुलांचा आणि त्या नावाचा संबंध तो काय, असे कोणालाही वाटावे. पण तो संबंध फार जवळचा आहे, आणि तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी. ‘डॉन’ हा शब्द अलीकडे चित्रपटांनी पुष्कळच बदनाम केला आहे. परंतु इटलीत तो धर्मोपदेशकाच्या नावामागे लावण्याचा आदराचा शब्द आहे. आपण ‘बुवा’ किंवा ‘महाराज’ म्हणतो, त्यांतलाच हा प्रकार. जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ साली उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. दोन वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी शिंप्याकडे, लोहाराकडे, मिठाईवाल्याकडे, मिळेल तेथे काम केले. १८४१ साली ते धर्मोपदेशक झाले आणि ट्यूरिन शहरात आले.

त्या काळचे ट्यूरिन म्हणजे वाढत्या बांधकामांचे आणि नव्या कारखान्यांचे शहर. डोंगराळ खेड्यांतून दहा-बारा वर्षांची मुले तेथे गवंड्यांच्या हाताखाली विटा-चुना वाहण्यास येत. त्यांना ना घर, ना वडीलधारे माणूस. काम सुटले की त्यांची पावले तुरुंगाकडे वळण्यास उशीर लागत नसे. बॉस्को यांनी ही मुले जमविली. त्यांना रविवारी खेळावयास जागा दिली, रात्री अक्षरओळख करून दिली, आणि पुढे राहावयास घर दिले.

परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य याहून निराळे आहे. अन्न आणि उपदेश देणारे दयाळू पुरुष सर्वच देशांत होऊन गेले. बॉस्को यांनी मुलाच्या हातातील कामाकडे लक्ष दिले. १८५२ च्या फेब्रुवारी महिन्यात त्यांनी एका मुलासाठी सुताराशी लेखी करार केला, तो आजही वाचण्याजोगा आहे. मालकाने मुलास धंदा मनापासून शिकवावा. धंद्याशी संबंध नसलेली घरकामे त्याजकडून करवून घेऊ नयेत. चूक झाल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. सणावारी त्यास मोकळे ठेवावे आणि वर्षातून पंधरा दिवसांची रजा द्यावी. आजही आपल्या शहरांतील किती उमेदवारांना अशा अटी लाभतात, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

पुढे बाहेरच्या मालकांवर सर्वस्वी विसंबणे त्यांना इष्ट वाटेना. तेव्हा त्यांनी स्वतःच कर्मशाळा काढल्या. १८५३ साली चांभारकाम आणि शिवणकाम, १८५४ साली पुस्तकबांधणी, १८५६ साली सुतारकाम आणि त्यानंतर छापखाना व लोहारशाळा. १८८४ साली ट्यूरिन येथे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यात त्यांच्या संस्थेने कागद तयार होण्यापासून पुस्तक बांधून होईपर्यंतची सर्व क्रिया चालू यंत्रांवर लोकांस दाखविली. अनाथ मुलांना जुनीपुराणी हत्यारे पुरेत, हा विचार त्यांना मान्य नव्हता. त्या काळची उत्तमातली उत्तम यंत्रे त्यांनी या मुलांच्या हाती दिली. यंत्रविद्या ही त्यांच्या दृष्टीने गरिबास द्यावयाची भिक्षा नव्हती. तो त्याच्या प्रतिष्ठेचा भाग होता.

गंमत अशी की, आपल्या संस्थेस त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. सतराव्या शतकातील सौम्य स्वभावाचे धर्माध्यक्ष फ्रान्सिस द सेल्स यांच्यावरून ती मंडळी ‘सेलेशियन’ म्हणवू लागली. मुलांना वळण लावावयाचे ते दंडुक्याने नव्हे, तर समजुतीने, धर्मबुद्धीने आणि मायेने, हे त्या नावात अभिप्रेत होते. नाव घेणे म्हणजे एक बंधन पत्करणे, हे त्यांनी जाणले होते. १८८८ साली ते निवर्तले आणि १९३४ साली त्यांस संतपद देण्यात आले. सेलेशियन मंडळी १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईत आली. माटुंग्याचे विद्यालय त्यांचेच. कुर्ल्यासही त्यांची यंत्रशिक्षणाची संस्था आहे आणि २००१ पासून तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयही चालते.

आता प्रश्न असा की, इतक्या मोठ्या नावाचे शाळेने करावयाचे काय? मूळ ट्यूरिनच्या घरात ‘विद्यार्थी’ आणि ‘कारागीर’ असे दोन वर्ग असत. एक पुस्तके शिकत असे, दुसरा हत्यारे. पण दोघांचे छप्पर एक होते. आपल्याकडे मात्र हुशार मुलाने पुस्तक धरावे आणि ‘अभ्यासात न चालणाऱ्या’ मुलाने कानस धरावी, अशी वाटणी होऊन बसली आहे. हा दोष एखाद्या शाळेचा किंवा पंथाचा नव्हे. तो आपल्या घरांचा आहे. मुलगा गणकयंत्रापुढे बसला तर आपण त्याचे कौतुक करतो. तोच मुलगा लेथवर उभा राहिला तर आपल्या कपाळास आठी पडते. वस्तुतः दोन्हीही यंत्रेच. फरक आहे तो कपड्यांना लागणाऱ्या तेलाच्या डागाचा.

हा विचार केवळ परदेशातून आणावा लागतो असेही नाही. कराडनजीकच्या काले या गावी १९१९ साली भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. हेच भाऊराव एके काळी ओगले यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांचा माल विकीत गावोगाव हिंडले होते. कारखाना म्हणजे काय आणि घाम म्हणजे काय, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि तेथे स्वतः श्रम करून शिकण्याची रीत घातली. १९४० साली साताऱ्यात उघडलेल्या विद्यालयास त्यांनी महाराजा सयाजीराव यांचे नाव दिले. हे तेच सयाजीराव, ज्यांच्या राज्यात १८९० साली बडोद्यास कलाभवन ही यंत्रविद्येची शाळा निघाली. धर्म निराळा, देश निराळा. पण ट्यूरिनचा धर्मोपदेशक आणि साताऱ्याचा कर्मवीर एकाच निष्कर्षास पोहोचले. गरीब मुलास त्याच्या हातांसकट शाळेत घ्यावे लागते. हात दाराबाहेर ठेवून केवळ डोके आत घेता येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने सहावीपासूनच मुलांना व्यवसायांचा परिचय करून द्यावा आणि सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. सूचना चांगली आहे. परंतु ते दहा दिवस सहलीसारखे गेले, तर मुलास सुतार दिसेल, सुतारकाम दिसणार नाही.

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या पाल्याच्या शाळेस ज्याचे नाव आहे, तो संत असो, राजा असो वा समाजसेवक असो, त्याचे चरित्र एकदा समजून घ्यावे आणि मग शाळेस दोनच प्रश्न विचारावेत. त्या पुरुषाने ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्यासारख्या मुलांना आज या दारातून प्रवेश आहे काय? आणि येथील कर्मशाळेत वर्गातील पहिला विद्यार्थीही हात काळे करतो काय? या दोन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळाले, तर त्या शाळेने आपले नाव राखले असे समजावे. मग तिच्या यंत्रशाळेत जुना लेथ आहे की नवे गणकयंत्र, ही गोष्ट दुय्यम ठरते.