अक्षर वाचणारा माणूस

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभाच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सव समितीतल्या तरुण मंडळींनी मला विषय दिलाय ‘व्यक्तिमत्त्व विकास आणि आपल्यातला वेगळा गुण’. मी म्हटलं, अरे, चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझा कसला विकास करताय? त्यावर समितीतली एक मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही बोर्डावरच्या प्रत्येक नोटिशीत पेनानं चुका काढता ना, त्याबद्दलच बोला.” म्हणजे ते कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी आपला इतकी वर्षं रात्री साडेदहानंतर, लिफ्टपाशी कुणी नाही बघून करत होतो.

मग कार्यक्रमाची पत्रिका हातात आली. विषय छापला होता ‘व्यक्तीमत्व विकास’. एका शब्दात दोन चुका. ‘क्ति’ ऱ्हस्व आणि शेवटी ‘त्त्व’. बायको म्हणाली, “आजचा दिवस गप्प बसा.” बसलो नाही, बघताच आहात.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. साध्या भाषेत प्रूफरीडर. १९६९ साली, एकोणिसाव्या वर्षी, मी जवळच्याच एका छापखान्यात कॉपी होल्डर म्हणून लागलो. कॉपी होल्डर म्हणजे हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं वाचणारा. समोर बसलेला शोधक छापलेल्या गॅलीवर नजर ठेवणार. मी काना, मात्रा, स्वल्पविरामासकट वाचायचो. दिवसभर असं वाचून घरी आलो की आईला म्हणायचो, “आई स्वल्पविराम भूक लागली पूर्णविराम.” चाळीत माझी चेष्टा व्हायची.

त्या वेळी गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांतून छापखान्यांचा आवाज यायचा. मला शिकवणारे शोधक म्हणायचे, आपण कोणाच्या गावात बसलोय ते विसरू नकोस. म्हणजे जावजी दादाजींच्या. गरीब घरचा मुलगा, लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागला. घासता घासता अक्षराचं वळण डोळ्यांत बसलं. १८६४ साली त्यानं स्वतःचा टाइप पाडायचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचं पंचांग घरोघरी असायचं, आणि त्यांच्या संस्कृत ग्रंथांची छपाई नावाजली गेली ती सुबकपणासाठी नि अचूकपणासाठी. टाइप घासणं हे काही कुणी ‘गुण’ म्हणून सांगावं असं काम नाही. पण तिथं नजर तयार झाली.

मला काय आलं ते सांगतो. प्रूफ वाचताना अर्थ वाचायचा नाही, अक्षर वाचायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. माणसाचा डोळा लबाड असतो, त्याला शब्दाचं पहिलं नि शेवटचं अक्षर दिसलं की मधलं तो स्वतःच भरून काढतो. गोष्टीत रमलात की चूक निसटली. म्हणून कथा कितीही रंगली तरी आपण कोरडं राहायचं. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तरी जुने लेखक हट्टानं ते द्यायचेच, मी एकेक टिंब वेचून काढायचो. तांदूळ निवडल्यासारखं. मला त्यात खरंच आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

सत्तावीस वर्षं हे केलं. १९९६ मध्ये छापखाना बंद झाला. कंपोझिटर आधीच गेले होते, खिळ्यांच्या केसेस भंगारात वजनावर गेल्या. संगणकावर मजकूर जुळायला लागला आणि मालकांना वाटलं, आता शोधक कशाला? मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. मुलगी तेव्हा अठराची, नागपूरला वसतिगृहात शिकायला गेलेली. तिच्याकडे मी परत येणार आहे.

ते वर्ष वाईट गेलं. सकाळी डबा घेऊन निघायचो, चौपाटीवर बसायचो, दुपारी डबा खायचो आणि संध्याकाळी परत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. (शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, हे मला नंतर कळलं. ही वाडी आहे.) कुणीतरी सुचवलं म्हणून एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरालाही गेलो. तिथल्या सरांनी एक छापील कागद दिला आणि म्हणाले, यावर तुमचे पाच चांगले गुण लिहा. अर्ध्या तासात मला एकही सुचला नाही. पण त्या कागदात अकरा चुका सापडल्या, त्या मी दुरुस्त करून दिल्या. सरांनी प्रेमानं समजावलं की, दुसऱ्याच्या चुका शोधणं ही नकारात्मक वृत्ती आहे, ती आधी सोडा. मला ते पटलंही. घरी येऊन मी लाल पेन कपाटात वर टाकून दिलं.

ते खाली काढायला लावलं एका जुन्या ओळखीच्या प्रकाशकांनी. मराठी सिनेमाच्या इतिहासाची प्रुफं घरी आणून दिली, पानाप्रमाणे पैसे. सिनेमाचा जन्म तर आपल्या या गिरगावातला. ३ मे १९१३ ला सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. हे तुम्हाला माहीत असेल. मलाही होतं. पण त्या प्रुफांत दादासाहेब फाळक्यांचं त्याआधीचं आयुष्य ओळीनं दिलं होतं, आणि तिथं मी पहिल्यांदा धंद्याचा नियम मोडला. अक्षर सोडून अर्थ वाचत बसलो.

हा माणूस जे. जे. मध्ये चित्रकला शिकला. मग बडोद्याला कलाभवनात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर झाला. जादूचे प्रयोग शिकला. छपाईत शिरला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आला, आणि मग भागीदाराशी पटलं नाही म्हणून छापखाना सोडला. चाळिशीला आलेला, संसारी माणूस, हातात काही नाही. नातेवाईक काय म्हणत असतील? ‘धड एक काम केलं नाही.’ आणि अशात त्यानं गिरगावातल्याच एका तंबूवजा थिएटरात येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. विमा पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेला, कॅमेरा घेऊन आला, आणि आधी एका कुंडीतलं रोप कसं वाढतं तेवढंच चित्रित करून दाखवलं, म्हणजे पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा. पडदे रंगवायला चित्रकला, फिल्मला फोटोग्राफी आणि रसायनं, चमत्कार दाखवायला जादू. सगळं कामाला आलं. सरस्वतीबाईंचं नाव इथं घेतलंच पाहिजे. शंभर कामं उरकून, माणसांचा स्वयंपाक करून, रात्री फिल्म धुवायला त्याच बसायच्या.

पण मला जास्त आवडला तो साळुंके. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. त्या काळात वेश्यावस्तीतूनही नकार आला. शेवटी फाळक्यांना ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात एक आचारी मुलगा दिसला. शेलाटा बांधा, नाजूक हात. तो आपल्या सिनेमाची पहिली नायिका झाला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम तोच आणि सीताही तोच. पुढे कॅमेराही चालवायला शिकला. आता विचार करा, आचाऱ्याच्या नाजूक हातांना काय किंमत? त्याला स्वतःला तरी माहीत असेल का की आपल्याकडे हे आहे? कदाचित स्वयंपाकघरात त्याची चेष्टाच होत असेल. पाच गुण लिहा म्हटलं असतं तर त्यानं ‘हात नाजूक आहेत’ असं लिहिलं असतं, असं मला वाटत नाही.

आता आपल्या संस्थेकडे येतो, नाहीतर अध्यक्ष घड्याळ दाखवतील.

जुनी चाळ पाडून ही इमारत झाली, संस्था नोंदली गेली, पेढे वाटले. पण खालची जमीन काही आपल्या नावावर झाली नाही. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे बांधणाऱ्यानं ती संस्थेच्या नावे करून द्यायची असते. आपल्याला वर्षानुवर्षं ‘बघू’ मिळालं. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली, तेव्हा आपल्या कमिटीनं अर्ज करायचं ठरवलं. या वाडीत जमिनीची किंमत काय असते ते सांगायला नको. खोतांनी प्लॉट पाडून ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले, त्यांनी लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची घरं बांधली. त्यांतली निम्मीसुद्धा आज उभी नाहीत. आपली इमारतही अशाच एका जुन्या बांधकामाच्या जागी आहे, हे मी विसरत नाही.

तर अर्जात मूळ जमीनमालकांना नोटीस जायला हवी. मालक वारलेले, वारस कुठे, पत्ता नाही. कमिटीनं दोन महिने घालवले. शेवटी तळमजल्यावरच्या आंटींना कुणीतरी विचारलं. आपण सगळे आंटींना काय म्हणायचो? ‘चौकशीखिडकी.’ कोण आलं, कोण गेलं, कुणाचं लग्न कुठे झालं. आंटी म्हणाल्या, थोरला ऑर्लेमला, धाकटी वसईला, तिच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. आणि फोन नंबरची वही काढली. पंधरा मिनिटांत काम.

मग मसुदा तयार झाला. जाणकारांनी केला, दोन वकिलांनी वाचला, कमिटीनं वाचला. मला दिला तो केवळ मराठी नीट आहे का बघायला. मी माझ्या पद्धतीनं बसलो. बायकोला कॉपी होल्डर केलं, तिच्या हातात मालमत्ता पत्रक, माझ्या हातात मसुदा. ती एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती. चौथ्या पानावर सी. एस. नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले होते. पहिल्या पानावर बरोबर, चौथ्यावर चूक. ज्यांनी अर्थ वाचला त्यांना ‘आपला सी. एस. नंबर’ एवढंच दिसलं. तसाच आदेश निघाला असता तर कागदावर आपल्या नावे कुठली जमीन झाली असती कोण जाणे, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा वर्षभर हेलपाटे. त्या संध्याकाळी सचिव माझ्या घरी पेढे घेऊन आले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला चूक काढल्याबद्दल कुणी पेढे दिले नव्हते.

इथं भाषण संपवलं तर छान होईल. टाळ्या वाजतील. पण मुलगी समोर बसलीय, आणि तिला विचारूनच हे सांगतोय.

१९९६ साली ती नागपूरला गेली. आठवड्याला पत्र यायचं. छापखाना बंद झाला होता, मला वाचायला दुसरं काही नव्हतं. मी तिची पत्रं लाल पेनानं दुरुस्त करायचो आणि उत्तराबरोबर परत पाठवायचो. तिचं मराठी सुधारावं म्हणून. एका पत्रात तिनं लिहिलं होतं, ‘मेसचं जेवण जात नाही, रात्र रात्र झोप लागत नाहि.’ मी ‘हि’ला गोल केलं, दीर्घ केली, आणि समासात लिहिलं, ‘ही चूक तिसऱ्यांदा.’ बस. झोप का लागत नाही, हे मी विचारलंच नाही. मी ते वाचलंच नव्हतं. अक्षर वाचलं होतं.

त्यानंतर पत्रं थांबली. फोन यायचा, आईशी बोलायची. मला वाटलं, अभ्यास वाढला असेल. तिनं पत्रं का थांबवली हे मला बायकोनं सांगितलं ते सोळा वर्षांनी, तोच सी. एस. नंबर सापडला त्या रात्री, पेढा खाता खाता. म्हणाली, “आज ज्यासाठी लोक आरती ओवाळतायत, त्यापायीच पोरीनं लिहायचं सोडलं.” पेढा हातातच राहिला.

मग मी तिला पत्र लिहिलं. एवढंच विचारलं की, तेव्हा झोप का लागत नव्हती. तिचं उत्तर आलं, चार पानी. ते मी कुणाला दाखवणार नाही. त्यातल्या चुका मला दिसल्या, दिसणारच, डोळे काढून ठेवता येत नाहीत. पण पेन जवळ घेतलं नाही, आणि ते पत्र आधी दोनदा अर्थासाठी वाचलं. या वयात वाचायला शिकलो म्हणा.

आता कामाचं. स्मरणिकेसाठी सगळ्यांनी लिहायचं आहे. आंटी, तुम्ही वाडीतल्या जुन्या बिऱ्हाडांची यादी सांगा, कुणीतरी लिहून घेईल. तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा, जो कुणाचंही चालणं हुबेहूब करून दाखवतो (माझंही करतो, मी पाहिलंय), त्यानं यंदा संमेलनात काम करावं, जिन्यात नको. मुद्रितं मी तपासणार आहे. माझ्या मुलीचा लेख कालच आला, वर चिठ्ठी लावलेली: ‘बाबा, चुका काढा. मजकुराला हात लावू नका.’ तीन निघाल्या. फोन करून एकेक विचारल्या. दोन तिनं मान्य केल्या, तिसरीबद्दल म्हणाली ती तशीच राहू दे, घरात आम्ही तसंच बोलतो. राहू दिली आहे. तुम्हाला दिसली तर ती माझी निसटलेली समजू नका.

लेख महिनाअखेरपर्यंत द्या. कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि समास सोडा. पलीकडे मसालेभात तयार आहे, गार व्हायच्या आत चला.