परप्रांतातील तरुण पिढी आणि उद्योगसंस्थांचा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात चंडीगड येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थापकांचे स्मरण करावे, गौरवाचे चार शब्द बोलावेत आणि श्रोत्यांना भोजनाकडे मोकळे सोडावे, असा शिष्टाचार आहे. संयोजकांनी मात्र आमच्याकडे एक रोखठोक विषय सोपविला आहे: घर सोडून परप्रांती आलेल्या कुटुंबांतील तरुणांचे शिक्षण व उपजीविका यांसाठी उद्योगसंस्था काय करतात आणि त्यांनी काय करावे. आम्ही शिक्षणाने केवळ बी. ए. आणि पेशाने केंद्र सरकारचे सेवक. कारखानदारीचा अधिकार आम्हांस नाही. परंतु बदल्यांच्या संसारात ‘शाळा सोडल्याचा दाखला’ आणि ‘रहिवासी दाखला’ हे दोन शब्द आमच्या घरी आरतीइतक्या नेमाने म्हटले गेले आहेत. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

आज सकाळी आपल्यापैकी पुष्कळांनी कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहिले. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्या ज्या भव्य वास्तूंना २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यांचे काँक्रीट डोक्यावरच्या घमेल्यांतून वर चढले. ते वाहणारे स्त्रीपुरुष गावोगावहून आलेले मजूर होते. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यात मंत्र्यापासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या घराची श्रेणी ठरलेली होती; नगर उभारणाऱ्या मजुराच्या घराला मात्र त्यात जागा नव्हती. तो राहिला कामाशेजारच्या तात्पुरत्या झोपडीत. त्याची मुले कोठे शिकली, हे कोणत्याही नकाशात नोंदलेले नाही.

हे नगरच मुळी विस्थापितांचे, हे विसरून चालणार नाही. लाहोर गेले म्हणून चंडीगड वसले. येथील पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज १९२१ साली लाहोरजवळ मुघलपुऱ्यास निघाले, फाळणीनंतर रुडकीस आले आणि १९५३ साली येथे स्थिरावले. विद्यापीठाने १९४७ नंतर सोलनला बिऱ्हाड केले आणि दिल्लीत ‘कॅम्प कॉलेज’ उघडले. दिवसा पोटासाठी राबणाऱ्या निर्वासित तरुणांसाठी तेथे सायंकाळी वर्ग भरत. त्या कठीण काळातही शहाण्या माणसांनी एक गोष्ट ओळखली होती: घर गमावलेल्या मुलाला ज्ञान आणि रोजी ही दोन्ही एकाच वेळी लागतात. एक आधी, दुसरी मागाहून, हा क्रम ज्याच्या पाठीशी घर आहे त्याला परवडतो.

याच वास्तूंशी निगडित असलेले एक उदाहरण सांगतो. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५१ साली ल कॉर्ब्युझिएच्या पॅरिसमधील कार्यशाळेत दाखल झाले आणि चंडीगडच्या इमारतींच्या नकाशांवर त्यांनी काम केले. पहिले आठ महिने त्यांना वेतन नव्हते. पुढे ते जगद्विख्यात झाले, २०१८ साली प्रित्झकर पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांच्या जिद्दीला आमचा नमस्कार. पण मनात प्रश्न येतो, की तेवढीच बुद्धी असलेले किती तरुण परक्या शहरात आठ महिने बिनपगारी राहू शकतात? ज्यांना ते शक्य नव्हते, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. शुल्काची मदत विद्यार्थ्याला उंबरठ्यापर्यंत नेते. उंबरठा ओलांडण्यासाठी त्याला पहिले विद्यावेतन, टेकायला एक खोली आणि ‘हा आमचा’ असे म्हणणारे एक माणूस लागते.

आता उद्योगांकडे वळू. या देशात उद्योगपतींनी विद्यार्थ्यांना हात देण्याची परंपरा जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता निधी स्थापन केला. त्यातील मर्म असे, की मदत मुख्यतः कर्जरूपाने द्यावी आणि विद्यार्थी मिळवता झाल्यावर त्याने ती फेडावी, म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या कामी येतो. डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते या शिष्यवृत्तीच्या आधारावर. मराठी घराण्यातला, पण वडील काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे बनारसला वाढलेला हा मुलगा. आपल्यासारख्याच एका परप्रांतस्थ कुटुंबाचा. कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये १९८५ साली उभारलेले ते सव्वीस मीटर उंच ‘उघड्या हाता’चे शिल्प आपण पाहिलेत. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, अशी त्यामागची कल्पना सांगतात. टाटांच्या निधीत ती कल्पना त्या शिल्पाच्या कितीतरी आधी व्यवहारात उतरली होती.

महाराष्ट्रात या विचाराचे दुसरे रूप दिसले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तरुणपणी ओगल्यांच्या व किर्लोस्करांच्या कारखान्यांचे काम केले होते. कंदील आणि नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा व शिका’ हे तिचे सूत्र केले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. खेड्यातून पुण्यास शिकायला आलेल्या मुलाला शहरात सर्वांत महाग पडते ते राहणे आणि जेवणे, हे ओळखून समितीने वसतिगृहे चालविली. दाते पैसा देत गेले. पण त्या पैशाला खोली, जेवण आणि पाठीवरचा हात यांचे रूप देणारी माणसे मधे उभी होती. हे मधले माणूस महत्त्वाचे. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आज दानाला कायद्याची जोड मिळाली आहे. कंपनी कायद्याचे कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या घरात जातो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात. शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्ये हे विषय त्या यादीत आहेत. जेथे आपला व्यवसाय चालतो त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. या परिसरात भूमिपुत्र कोण आणि उपरा कोण, असा भेद कायद्याने केलेला नाही. मोहाली, डेराबस्सी, बद्दी येथील कारखान्यांच्या शेजारी राहणारा बिहारचा, उत्तर प्रदेशचा किंवा सांगलीचा मुलगा त्या परिसरातलाच आहे.

दुसरी तरतूद शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याखालील नियमांत २०१९ साली दुरुस्ती झाली. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार विद्यावेतनावर घेणे तिने बंधनकारक केले. तिसरी बांधकामाची. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला व तो एक टक्का ठरला; पुढे ही व्यवस्था २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली. या पैशातून नोंदणीकृत बांधकाम मजुरांच्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या मजुराला जे मिळाले नाही, ते आजच्या मजुराच्या मुलाला निदान कागदावर मिळू शकते.

‘कागदावर’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. सरकारी कचेरीत आयुष्य घालविल्यामुळे कागदाचे सामर्थ्य आम्ही जाणतो. बांधकाम मजुराची नोंदणी व्हायची तर मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. जो तीन ठेकेदारांकडे तीन शहरांत राबला, त्याला दाखला कोणी द्यावा? जातीच्या दाखल्याची गोष्ट याहून कठीण. केंद्र सरकारच्या एका उपक्रमात नोकरीस असलेल्या गृहस्थांचा मुलगा वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्रात आला, तेथेच शिकला. मूळ राज्यात त्याची जमात अनुसूचित होती. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने राखीव जागा मागितली तेव्हा १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की मूळ राज्यातला तो हक्क स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. निर्णयामागे घटनात्मक कारणे होती. तरी पित्याच्या बदलीबरोबर मुलाचा हक्क मागे राहिला, हे वास्तव उरतेच.

उलट दिशेचे एक पाऊलही येथूनच पडले. चंडीगडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर प्रवेशांत रहिवासाच्या आधारावर राखलेल्या जागा, याच कॅपिटल कॉम्प्लेक्समधील उच्च न्यायालयाने २०१९ साली अवैध ठरविल्या. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. भारतीयाचा अधिवास एकच, आणि तो म्हणजे भारत, हे त्यातले तत्त्व. पदवीपूर्व प्रवेशांत मात्र रहिवासाची अट काही प्रमाणात अजून चालते. म्हणून स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी दाराइतकीच उद्योगांच्या दाराची गरज आहे. तेथे अधिवासाचा दाखला मागण्याचे कारण नाही.

आम्हां सरकारी सेवकांच्या मुलांसाठी शासनाने वेळीच विचार केला. बदलीच्या नोकरीत शिक्षण तुटू नये म्हणून १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली. चंडीगडहून कोचीला गेले तरी पुस्तक तेच. आमच्या श्रोतृवर्गातील अनेकांची मुले त्याच शाळांतून पुढे गेली. परंतु आपल्या मराठी समाजात दुसराही एक प्रवासी आहे. खानापूर-आटपाडी-विटे या दुष्काळी भागातून निघालेला गलाई व्यावसायिक उत्तरेतील शहरोशहरींच्या सराफ बाजारात आहे. मूस, भट्टी आणि तेजाब यांच्या सोबतीने तो सोने शुद्ध करतो. त्याच्या दुकानात गावाकडून आलेला पंधरा-सोळा वर्षांचा भाचा किंवा पुतण्या असतो. शाळा सुटलेली, हातात कसब आलेले. पण त्या कसबाचा कागद नाही. आपल्या गणेशोत्सवात तो मुलगा वर्गणी देतो, आरास उभारतो, विसर्जनाला ढोल वाजवितो. मंडळाच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात त्याचे नाव कधी आले आहे का, याचा आपण सर्वांनी शांतपणे विचार करावा.

त्याच्यासाठी वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा आपल्या सवडीने देता येते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. अंगी असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची शासकीय योजना आहे. २०२४ साली पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. त्यात मोठ्या कंपन्यांत वर्षभर अनुभव आणि दरमहा ५,००० रुपये, पैकी ५०० कंपनीच्या सामाजिक निधीतून, अशी रचना होती. पण ५,००० रुपयांत परक्या शहरात खोलीचे भाडे द्यावे की जेवावे? जेथे योजना संपते, तेथे मंडळाचे काम सुरू होते.

आमच्या सूचना तीनच आहेत. पहिली: मंडळाने आपल्या कुटुंबांतील आणि गलाई दुकानांतील सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींची एक वही ठेवावी, कोण काय शिकले, कोणता दाखला अडला, कोणाला काय येते, ते तीत लिहावे. सेवानिवृत्त अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज भरून देण्यास द्यावी. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासलेल्या माणसाइतका चांगला अर्ज कोण भरील? दुसरी: मंडळाच्या वास्तूत, ती नसेल तर सभासदांच्या घरी, बाहेरगावहून येणाऱ्या उमेदवारासाठी पहिल्या तीन महिन्यांची दोन-चार खाटांची सोय असावी. मराठी मुलाची झाली की ती दुसऱ्यांनाही खुली असावी. हे नगर आपल्याला खुले राहिले, त्याची ही परतफेड.

तिसरी सूचना आपल्या हातातील या स्मरणिकेविषयी. तिची पाने उलटून पाहावीत. पानभर, अर्धे पान, पाव पान ‘हार्दिक शुभेच्छा’ देणाऱ्या उद्योगांच्या जाहिराती दिसतील. त्या मिळविण्यासाठी आपले कार्यकर्ते उन्हातान्हात औद्योगिक वसाहतीत फिरले. त्यांचे कष्ट थोर आहेत. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्या दारातून जाहिरात मिळते, त्याच दारातून एका मुलाची उमेदवारी मिळू शकते. व्यवस्थापकाने जाहिरातीला होकार दिला की पुढचे वाक्य असे असावे: “साहेब, आमच्याकडे एक मुलगा आहे, आम्ही त्याला ओळखतो, त्याला विद्यावेतनावर घ्या.” हे वाक्य उच्चारण्यास पैसा लागत नाही, ओळख लागते. आणि पन्नास वर्षांत या मंडळाने कमाविलेले सर्वांत मोठे धन ओळख हेच आहे.

त्या मुलाकडून काय घ्यावे? टाटांच्या निधीचा धडा आठवावा. तो मिळवता झाला की त्याने दुसऱ्या एकाला हात धरून त्याच दारापर्यंत न्यावे. पुढील स्मरणिकेत जाहिरातींच्या पानांशेजारी एक पान त्या मुलांच्या नावांसाठी राखावे, आणि गलाईच्या दुकानातला मुलगा त्या पानावर पहिला असावा, अशी आमची नम्र विनंती आहे.