लेकराच्या गाडीला गटाचं कर्ज

आज आम्ही जे सांगणार आहोत ते ऐकून काहीजणी हसतील. आमच्या बचत गटानं एका पोराला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायच्या स्टेअरिंगसाठी १४ हजार रुपये कर्ज दिलं, त्याची ही हकीगत आहे.

कर्ज मागितलं ते त्याच्या आईनं. गटात आजवर शेळीला, शिलाई मशीनला, लेकीच्या बाळंतपणाला पैसे दिले होते. गेमला कधी नाही. बैठकीत कुजबुज सुरू झाली. आमच्यातल्या एकीचं तोंड तर रडवेलं झालं, कारण तिच्या पुतण्यानं दोन वर्षांखाली कापसाच्या पट्टीचे पैसे मोबाईलवरच्या पैशाच्या खेळात घालवले होते. ती म्हणाली, "पहिल्यांदा हे सांगा, ह्यात पैसे लावायचे असतात का?"

प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही पोराला बैठकीत बोलावलं. त्याची बहीणही वही घेऊन आली. तो परभणीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकतो, ती अकरावीला आहे.

पोरानं सांगितलं, पैसे लावून खेळायचा गेम वेगळा आणि स्पर्धेचा खेळ वेगळा. आम्ही नुसतं त्याच्या शब्दावर राहिलो नाही, विचारपूस केली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या स्पर्धांचा कारभार क्रीडा खात्याकडे दिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमचा नवा कायदा झाला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. स्पर्धेत नाव नोंदवायची फी घेता येते, बक्षीसही देता येतं, पण हार-जितीवर पैसे लावता येत नाहीत. आपल्या घरात कुणी "गेम खेळतो" म्हणालं, तर आधी हाच फरक विचारा.

मग आम्ही चौघीजणी त्याचा खेळ बघायला गेलो. गेमचं नाव असेटो कोर्सा, इटलीच्या कंपनीनं २०१४ साली काढलेला. आम्हाला वाटलं होतं, बटणं दाबली की गाडी पळते. पण पोरगं अर्धा तास गाडी पळवतच नव्हतं, नुसते आकडे बदलत होतं. आम्ही विचारलं, हे काय? म्हणाला, "काकू, गाडी तयार करतोय."

ते कळायला आम्हाला जड गेलं नाही. ट्रॅक्टर वावरात असला की मागच्या टायरात हवा कमी ठेवतात, रस्त्यावर उसाची ट्रॉली ओढायची तर वाढवतात. तसंच तिथंही आहे. हवा जास्त झाली तर टायर मधल्या भागावरच टेकतो आणि वळणावर घसरतो. कमी झाली तर टायर मऊ पडतो आणि गाडी जड चालते. वर आणखी एक गंमत अशी की पळून पळून टायर तापला की आतली हवा फुगते, म्हणून सुरुवातीला चार-पाच पौंड कमीच भरायची. गेममधला टायरसुद्धा तापतो, ह्याचं आम्हाला फार नवल वाटलं.

गाडीच्या मागं एक आडवी फळी असते, तिला विंग म्हणतात. वाऱ्यामुळं ती गाडीला खाली दाबते. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "म्हणजे वखरावर दगड ठेवल्यासारखं की!" अगदी तसंच. वखरावर वजन ठेवलं तर पास खोल जाते, पण बैलं दमतात. विंग जास्त उभी केली तर गाडी वळणावर जमीन सोडत नाही, पण सरळ रस्त्यावर तिचा वेग मरतो. इटलीत मोन्झा नावाची शर्यतीची वाट आहे, एक फेरी जवळपास पावणेसहा किलोमीटरची. तिथं सरळ पल्ले लांब, म्हणून विंग कमी ठेवायची. वळणावळणाची वाट असली की वाढवायची. गिअरचंही वाटेप्रमाणं ठरवावं लागतं. शेवटचा गिअर आखूड लावला तर पल्ला संपायच्या आत इंजिन ओरडायला लागतं आणि गाडी पुढं वेग घेत नाही.

खरं काम आम्हाला बहिणीच्या वहीत दिसलं. आपल्या गटाच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच फेऱ्या मारायच्या, वेळ लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशानं झाला हेच कळत नाही. भाऊ दहा फेऱ्यांच्या शर्यतीला ६० लिटर पेट्रोल भरत होता. हिनं हिशेब मांडला: फेरीला साडेतीन लिटर, दहा फेऱ्यांना ३५, वर दोन लिटर राखीव. बाकीचे २३ लिटर म्हणजे सतरा किलोचं ओझं फुकट वाहायचं. भावाला ते सुचलंच नव्हतं.

तिला आम्ही सांगितलं की मोठ्या शर्यतीतही हे काम वेगळं माणूस करतं. २०२५ मध्ये लॉरा म्युलर नावाची बाई फॉर्म्युला वनमध्ये रेस इंजिनिअर झाली, त्या जागेवर बसणारी पहिली बाई. आणि पुण्याच्या डायना पुंडोळे, दोन लेकरांची आई, २०२४ साली राष्ट्रीय कार शर्यतीच्या विजेत्या ठरल्या. पोरगं त्याच्या बाजूनं वेल्सच्या जॅन मार्डनबरोचं नाव सांगत होतं. तो २०११ साली गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि पुढं खऱ्या गाडीतून ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. आम्ही म्हटलं, असा हजारांत एखादाच, तू आयटीआय सोडायचं नाही.

कर्ज मंजूर केलं. शेकडा दोन रुपये व्याज, दहा हप्ते. दोन अटी घातल्या. हप्ता त्यानं स्वतः रविवारी गॅरेजात काम करून भरायचा, आईच्या मजुरीतून नाही. आणि स्टेअरिंगवर बहिणीलाही बसू द्यायचं.

पहिल्या स्पर्धेत फजिती झाली. सगळ्यांच्या गाड्या आयोजकांनीच एकसारख्या लावून दिल्या होत्या, काही बदलायला परवानगीच नव्हती. महिनाभराची वही कामाला आली नाही. नियम आधी नीट वाचलेच नव्हते, त्यानं नाही, आम्ही तर नाहीच नाही. तीस जणांत एकोणिसावा आला. दुसऱ्या स्पर्धेत सातव्या फेरीला गावातली लाईट गेली. तिसऱ्यात चोवीस जणांत सहावा आला. बक्षीस पहिल्या तिघांनाच होतं.

पुतण्यामुळं रडवेली झालेली आमची मैत्रीण अजूनही म्हणते, हे पैसे शेळीला दिले असते तर बरं झालं असतं. तिचं म्हणणं आम्ही बैठकीच्या वहीत लिहून ठेवलं आहे. सहा हप्ते वेळेवर आले. बहिणीला मात्र पहिल्या दोन महिन्यांत स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. ते कळलं तेव्हा आम्ही पोराला बैठकीत उभं करून विचारलं. आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार संध्याकाळ तिची. मोन्झावर तिची एक फेरी भावापेक्षा अर्ध्या सेकंदानं कमी वेळात झाली आहे. पुढच्या स्पर्धेत नाव तिचं घालायचं का त्याचं, ह्यावरून सध्या त्या घरात वाद चालू आहे, आणि त्यांची आई ह्या बैठकीत तोच विषय घेऊन येणार आहे.